बागेखालची जमीन

पुण्याच्या सारसबागेतील गणपतीला जुनी माणसे अजूनही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. आज तेथे जाणाऱ्याला हिरवळ दिसते, फुलझाडे दिसतात, भेळेच्या गाड्यांकडे ओढ घेणारी मुले दिसतात. नावाला साजेसे विस्तीर्ण तळे मात्र कोठे दिसत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याच्या पाण्यावर ते करविले, त्याच्या मध्यभागी एक बेट राखले, आणि १७८४ साली सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत त्या बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना झाली. पुढे तळे रिकामे झाले, त्याच्या तळाशी बाग उभी राहिली. तळे गेले, नाव तेवढे राहिले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच आंबिल ओढ्याला पूर आला, काठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि माणसे दगावली. शहराच्या पोटात कोणते पाणी कोठून वाहत होते, याची चौकशी त्यानंतर पुणेकरांनी नव्याने सुरू केली.

हे सारे मला आठवण्याचे कारण म्हणजे सांगलीतील चार विद्यार्थी. स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या दोन मुली आणि दोन मुलगे. त्यांतील एक आमच्या शेजारच्या किराणा व्यापाऱ्यांची नात. वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यांनी विषय घेतला होता शहरातील एका बागेची रचना आणि बांधणी. बहुतेक मुले पूल घेतात, पाण्याची टाकी घेतात, तुम्ही बाग का घेतली, असे विचारले तेव्हा ती नात प्रांजळपणे म्हणाली, “बाग सोपी वाटली, आजोबा.”

त्यांनी निवडलेली बाग उपनगरातील एका वसाहतीत आहे. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण येथे कोणाला दोष द्यायचा नाही. पंधरा वर्षांपूर्वी वर्गणी, देणगी आणि काही सरकारी निधी यांतून ती झाली. मुलांनी आराखडा मिळविला, अंदाजपत्रकाची प्रत मिळविली, मोजमापे घेतली. आणि मग ती अडली. चालण्याची फरसबंद वाट दर उन्हाळ्यात एकाच रेषेत फाटते, ती का? एका कोपऱ्यात लावलेली झाडे दोन-तीन पावसाळ्यांत मरतात, ती का? आराखड्यात तर सगळी जमीन सपाट आणि सारखी दाखविली होती. या प्रश्नांसाठी ती मुले माझ्याकडे आली, याचे मला प्रथम नवल वाटले. मी आयुष्यभर बँकेत काम केले. सिमेंट-वाळूचे प्रमाण मला कळत नाही. त्यांना मात्र माझ्याकडून वेगळेच हवे होते. जमिनीचे जुने कागद कसे वाचावेत, एवढेच त्यांना विचारायचे होते.

आपल्या वाचकांपैकी ज्यांनी दुकानासाठी किंवा गोदामासाठी तारण कर्ज काढले असेल, त्यांना ‘सर्च रिपोर्ट’ हा शब्द परिचयाचा असेल. बँक तारण घेण्यापूर्वी वकिलाकडून त्या मिळकतीचा मागील तीस वर्षांचा शोध घेते. कोणाकडून कोणाकडे गेली, मध्ये कोणाचा बोजा चढला, वाटणी झाली काय, हे सारे त्यात येते. शाखेत असताना असे शेकडो अहवाल माझ्या नजरेखालून गेले. त्या वेळी आम्ही मालकी तपासत होतो. जमिनीचा स्वभाव तपासत नव्हतो. पण तोही त्याच कागदांत लिहिलेला असतो. सातबाऱ्यावर पोटखराब्याचा रकाना असतो. लागवडीस अयोग्य असे क्षेत्र त्यात नोंदतात, आणि त्याचे कारण पुष्कळदा ओढा, नाला, खडक किंवा खाण हे असते. फेरफाराच्या नोंदींतून जमीन शेतीची बिगरशेती केव्हा झाली ते कळते. भूमी अभिलेख कार्यालयातील गाव नकाशावर तर ओढ्याची रेघ स्पष्ट काढलेली असते. पुढे भूखंड पडले, रस्ते झाले, मालमत्ता पत्रके निघाली, की ती रेघ नव्या नकाशातून हळूच नाहीशी होते.

मी मुलांना क्रम सांगितला. आजच्या मालमत्ता पत्रकापासून सुरुवात करा, मागे मागे जात मूळ सर्व्हे नंबर शोधा, मग त्या नंबरचा गाव नकाशा काढा आणि तो आजच्या आराखड्यावर ठेवून पाहा. त्यांना दोन महिने लागले. कार्यालयातल्या खेपा, अर्ज, नक्कल फी, ‘उद्या या’ हा सगळा अनुभव त्यांनी घेतला. तो अभ्यासक्रमात नसतो, तरी नोकरीत रोज लागतो. शेवटी नकाशावर नकाशा ठेवला तेव्हा दिसले, की मूळ सर्व्हे नंबरातून एक लहान ओढा तिरपा जात होता. वसाहत पडताना तो मुरूम टाकून बुजविला गेला, आणि जेथे भूखंड पाडणे अवघड, तीच जागा वसाहतीची मोकळी जागा म्हणून सोडली गेली. फरसबंदी फाटते ती त्या जुन्या काठाच्या रेषेत. एका बाजूस मूळची काळी जमीन, दुसऱ्या बाजूस भराव. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे कृष्णाकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. भराव तसा वागत नाही. दोन स्वभावांच्या जमिनींवर एकच वाट ओढली, ती सांध्यावर तुटली.

यातली गंमत अशी, की बागेच्या माळीबाबांना हे सारे कागदावाचून ठाऊक होते. मुलांनी त्यांना विचारण्याचे ठरविले ते अगदी शेवटी, आणि तेही मी आग्रह केला म्हणून. त्यांनी सांगितले, की त्या कोपऱ्यात श्रावणात खड्डा खणला तर हातभरावर पाणी लागते, म्हणून तेथे गुलमोहर तगत नाही. त्यांनी स्वतःच्या अकलेने तेथे जांभूळ आणि करंज लावले होते. ही दोन्ही झाडे ओढ्याकाठची, पाय ओले राहिले तरी ती तक्रार करीत नाहीत. अंदाजपत्रकात त्या झाडांचा उल्लेख नाही. बागेतील सगळ्यांत मोठी सावली आज त्यांचीच आहे.

या मुलांच्या निमित्ताने मीही थोडे वाचन केले, आणि एक गोष्ट ध्यानात आली. बाग म्हणजे जणू निसर्गाने दिलेली जागा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती इमारतीइतकीच बांधलेली वस्तू असते. न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्क हे जगातील सर्वांत प्रसिद्ध नागरी उद्यान, विस्तार ८४३ एकर. १८५८ साली झालेल्या स्पर्धेतून फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉ यांचा आराखडा निवडला गेला. तेथील तळी खणलेली आहेत, टेकाडे रचलेली आहेत, आणि शहराची वाहतूक पूर्वेकडून पश्चिमेकडे नेणारे रस्ते जमिनीच्या पातळीखालून अशा खुबीने काढले आहेत, की आत फिरणाऱ्याला गाड्या दिसू नयेत.

त्या उद्यानाखालीही काही होते. त्याच्या पश्चिम भागात १८२५ पासून सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. बहुसंख्य रहिवासी आफ्रिकी वंशाचे, त्यांतील कित्येक स्वतःच्या घराचे आणि जमिनीचे मालक; त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. १८५५ च्या गणनेत तेथे सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती, चर्चे होती, शाळा होती. उद्यानासाठी १८५७ पर्यंत ती सगळी हलविली गेली, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे ही वस्ती जवळजवळ विस्मृतीतच राहिली. २०११ च्या उन्हाळ्यात कोलंबिया आणि सिटी कॉलेजच्या प्राध्यापकांबरोबर विद्यार्थ्यांनी तेथे उत्खनन केले. एका घराचा दगडी पाया सापडला, चहाची लोखंडी किटली सापडली, लहान मुलाचा चामडी बूट सापडला. बागेचा इतिहास शोधायला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या हाती असा बूट लागतो, तेव्हा त्या आराखड्याकडे ते पुन्हा पूर्वीच्या डोळ्यांनी पाहत असतील असे मला वाटत नाही.

आपल्या मुंबईतील मलबार हिलवरची टांगती बाग बहुतेक वाचकांनी पाहिली असेल. दुकानाच्या खरेदीसाठी मुंबईला गेलो, की मुलांना कमला नेहरू पार्कमधील म्हातारीचा बूट आणि समोरची फिरोजशहा मेहता उद्यानातील कापून आकार दिलेली झुडपे दाखवायची, हा आपल्या घरांतला कित्येक वर्षांचा शिरस्ता. ती बाग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आकाराला आली आणि ती आहे पाण्याच्या जलाशयावर. दक्षिण मुंबईला पुरवठा करणारे पाणी त्या हिरवळीखाली साठलेले असते. बाग हे त्याचे झाकण. काही वर्षांपूर्वी महापालिकेने जलाशय नव्याने बांधण्याची योजना आखली तेव्हा झाडे तोडावी लागणार म्हणून नागरिक उठले, तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, आणि अखेर पुनर्बांधणीऐवजी दुरुस्तीकडे कल झाला. खालचे पाणी जपायचे की वरची झाडे, असा पेच पडला, तो केवळ एकाच जागेने दोन कामे पत्करली म्हणून.

मला सर्वांत जास्त शिकण्यासारखे उदाहरण वाटते ते धारावीलगतच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचे. मुंबईला जाणारा आपला माणूस तेथे सहसा जात नाही. शीव-वांद्रे जोडरस्त्याने जाताना, मिठी नदीच्या कडेला दाट झाडी लागते, ती ही. क्षेत्र ३७ एकर. १९७७ पर्यंत ही शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. म्हणजे तेथे मातीच नव्हती. वर्षानुवर्षे साचलेला, कुजणारा ढीग, एका बाजूस खाडीचे खारे पाणी आणि दुसऱ्या बाजूस दाट वस्ती. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेने या जागी निसर्ग उद्यान करण्याची कल्पना पुढे मांडली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ते काम हाती घेतले. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते १९८३ साली पहिले झाड लागले. लोकांसाठी उद्यान उघडले ते २२ एप्रिल १९९४ रोजी. पहिले झाड आणि उघडलेले दार यांच्यामध्ये अकरा वर्षे गेली आहेत, इकडे मी मुलांचे लक्ष वेधले. आपल्याकडे भूमिपूजन आणि उद्घाटन एकाच निवडणुकीच्या मुदतीत बसवायचे असते.

कचऱ्याच्या ढिगावर बाग करणे किती अवघड असते, हे व्यापाऱ्याला चटकन समजावे असे सांगायचे तर खराब मालावर नवे पोते रचण्यासारखे ते आहे. खालचा कचरा कुजत राहतो, त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो, मुळांना हवा मिळत नाही. ढीग वर्षानुवर्षे खचत राहतो आणि सगळीकडे सारखा खचत नाही. आज सरळ केलेली वाट उद्या लहरीसारखी होते. पावसाचे पाणी आत मुरले तर घाण घेऊन खाली उतरते. म्हणून अशा जागी आधी वर स्वच्छ मातीचा थर द्यावा लागतो, मग खडतर जमिनीत तग धरणारी देशी झाडे लावावी लागतात, आणि त्यांचा पाला तेथेच पडू द्यावा लागतो, म्हणजे झाडेच हळूहळू माती तयार करतात. पाला रोज झाडून जाळणाऱ्या आपल्या वसाहतींनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. धारावीच्या त्या ढिगावर आज दाट वनराई आहे, पक्ष्यांच्या शंभराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, फुलपाखरे आहेत, नदीकडेला खारफुटी आहे, छतावरचे पावसाचे पाणी साठविण्याची सोय आहे, आणि शाळांची मुले तेथे निसर्ग शिकायला येतात. तरीही ते निर्धास्त नाही. धारावीच्या पुनर्विकासाच्या निमित्ताने या जागेचे काय होणार अशी शंका निघाली आणि प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. शहरातील मोकळ्या जमिनीला शांत झोप नसते.

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानाविषयी थोडक्यात सांगतो. जपानमधील ओकायामा शहराच्या मैत्रीखातर, तेथील १७०० साली पूर्ण झालेल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर, दहा एकरांत ते केले आहे. तेथील सगळा खेळ पाण्याचा. शेजारून कालवा जातो. त्याचे पाणी घेऊन ते बागेत वळणावळणाने खेळविले आहे. जागा पाहून रचना केली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी मुलांनी एकदा तेथे जावे, असे मी सुचविले. ती गेली, आणि हिरवळीवर बसू दिले नाही म्हणून थोडी रुसून परत आली.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे येऊ. सातारा आणि सांगली यांना जोडणारी कृष्णा एकच; पण दोन्ही शहरांत बागेचा प्रश्न अगदी उलटा आहे. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसले आहे. तेथे पाऊस पडला, की पाणी थांबत नाही. माती घेऊन खाली धावते. बाग करायची तर आधी बांध घालावे लागतात, टप्पे करावे लागतात. हाच उतार साताऱ्याने पूर्वी किती शहाणपणाने वापरला ते पाहण्यासारखे आहे. कास तलावाचे पाणी केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणले गेले आणि जुन्या पेठांतील हौदांना पाणी मिळत असे. पंपाचे बिल नाही, वीज गेल्याची सबब नाही. साताऱ्यात नवी बाग करणाऱ्याने कारंज्याची मोटर विकत घेण्यापूर्वी वरच्या बाजूला पाणी कोठे आहे, एवढे विचारले तरी पुष्कळ होईल.

सांगलीत उतार नाही; पाणी येते आणि बसते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. बाजारपेठेतल्या आपल्या किती दुकानांत, किती गोदामांत हळद, साखर, कापड आणि जमाखर्चाच्या वह्या भिजल्या, हे वाचकांना मी काय सांगावे! २००५ चा पूर विसरला जात होता, तोच हा आला. २०२१ मध्ये पुन्हा. अशा शहरात नदीकडेची किंवा जुन्या ओढ्यावरची मोकळी जागा ही प्रथम पाण्याची जागा आहे आणि नंतर बागेची. तेथील बाग वर्षातून काही दिवस पाण्याखाली जाणार, हे गृहीत धरून तिची रचना व्हायला हवी. बाके दगडी हवीत. विजेचे खांब आणि फलक पुराच्या खुणेवर हवेत. कुंपण जाळीचे हवे, भिंतीचे नको, म्हणजे पाणी आल्या वाटेने परत जाईल. झाडे माळीबाबांना विचारून निवडावीत. यात काही नवे शास्त्र नाही. पण आपल्याकडे पुण्यातील किंवा परदेशातील छायाचित्र दाखवून ‘असे करून द्या’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, आणि करून देणारा तसे करूनही देतो.

वास्तविक या भागाला जमीन घडविण्याची परंपरा आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीतील, कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ घेतला आणि तेथे कारखान्याबरोबर गाव वसविले. झाडे लावणे हा त्या वसाहतीच्या बांधणीचाच भाग होता. सागरेश्वरचे अभयारण्य तर मानवनिर्मित म्हणूनच प्रसिद्ध आहे. उघड्याबोडक्या डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडी उभी राहिली आणि तेथे हरणे सोडली गेली. या दोन्ही ठिकाणी कामाला सुरुवात झाली ती समोरच्या जमिनीकडे पाहून.

मुलांच्या अहवालात एक प्रकरण कायद्याचे आहे आणि ते आपल्या घरांनी लक्षपूर्वक वाचावे असे आहे, कारण भूखंड घेणे, पाडणे, विकणे हे व्यवहार आपल्याकडे चालतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. विकास आराखड्यात एखाद्या खासगी जमिनीवर बागेचे आरक्षण पडते. दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि ठरावीक मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्य आहे. वर्षानुवर्षे जमीन अडकवून ठेवायची आणि मोबदला द्यायचा नाही, हा कसला व्यवहार? मी बँकेत अशी अडकलेली कुटुंबे पाहिली आहेत. पण शहराच्या बाजूने पाहिले तर त्या नोटिशीगणिक नकाशावरचा एक हिरवा चौकोन पुसला जातो, आणि त्याची बातमीही होत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. माझे मत विचाराल तर दोष कायद्याच्या कलमाचा नाही. अंदाजपत्रकात संपादनासाठी वेळेवर पैसा न ठेवणाऱ्यांचा आहे. मालकाला वेळेवर पैसे मिळाले असते, तर त्याने नोटीस दिलीच नसती.

पैशाचा विषय निघाला आहे, तर माझ्या अंगवळणी पडलेला हिशेबही मांडतो. आपल्या घरांतून देणगी निघते ती बहुधा बांधकामासाठी. वडिलांच्या स्मरणार्थ प्रवेशद्वार, आईच्या नावे बाके, पाणपोई. बँकेच्या भाषेत हा भांडवली खर्च. तो एकदा होतो, दिसतो, त्यावर नाव कोरता येते. बाग जगते ती आवर्ती खर्चावर, आणि त्यावर नाव कोरण्याची सोय नाही. समजा वसाहतीच्या एका लहान बागेला २० लाख रुपये बांधणीचा खर्च आला. एक माळी दरमहा १५,००० रुपयांवर ठेवला तर वर्षाचे १,८०,००० झाले. पाणी-वीज महिना ३,००० धरली तर ३६,०००. खत, अवजारे, किरकोळ दुरुस्ती ३४,०००. एकूण अडीच लाख. ही रक्कम सात टक्के व्याजातून काढायची तर सुमारे ३५ लाख ७१ हजारांची ठेव लागते. म्हणजे बाग बांधायला २० लाख आणि जगवायला ३६ लाख! त्यातही पगार आणि दर वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांनी तोच खर्च चार लाखांच्या पुढे जातो, आणि ठेवीचे व्याज अडीच लाखांवरच थांबलेले असते. म्हणून व्याज सगळे न खर्चता काही भाग मुद्दलात मिळवीत जावे लागते, म्हणजे ठेव आणखी मोठी हवी. हा हिशेब मी मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर करून दिला, तेव्हा त्यांतील एक मुलगा म्हणाला, “मग कारंजे दुसऱ्याच वर्षी बंद पडले यात आश्चर्य काय?”

मुलांचा अहवाल महाविद्यालयात सादर झाला. त्याची एक प्रत त्यांनी वसाहतीच्या समितीला दिली. समितीची बैठक झाली, तीत मलाही बोलाविले होते. एका घराण्याने बागेसाठी नवी देणगी देऊ केली होती. त्यांच्या मनात बंद कारंजे काढून मोठे, दिव्यांचे कारंजे बसविण्याचे होते. चर्चा बराच वेळ चालली, थोडी तापलीही. बुजलेल्या ओढ्याचा नकाशा टेबलावर होता. शेवटी देणगीदारांच्या ज्येष्ठ बंधूंनी विचारले, की हीच रक्कम ठेवीत टाकली तर माळ्याचा पगार किती महिने निघेल. आकडा मी तेथेच काढून दिला. त्यांनी तो कागद खिशात ठेवला आणि घरी विचारून सांगतो म्हणाले. तोपर्यंत एवढे ठरले आहे, की फरसबंदी जेथे फाटते तेथे ती पुन्हा घालायची नाही, कच्ची मुरमाची वाट ठेवायची. आणि खोलगट कोपऱ्यात भराव न टाकता या पावसाळ्यात आणखी सहा जांभळे लावायची. रोपे माळीबाबांनी आधीच सांगून ठेवली आहेत.